पहिल्या गाण्याच्या आधी

३ जानेवारी, रविवार

नवीन वर्षाचा संकल्प आज केला. एक तारखेला घाईत केलेले संकल्प टिकत नाहीत, हा दरवर्षीचा अनुभव.

संकल्प असा: घरातल्या सगळ्या गाण्यांच्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवायच्या. कपाटाचे दोन खण भरून आहेत.

निमित्त बाबांचं. त्यांचा सीडी प्लेअर शेवटच्या घटका मोजतो आहे. झाकण रबरबँडने बांधलेलं. सकाळी बोलावून म्हणाले, बाकीच्यांचं काय करायचं ते कर, तुझ्या आईची सीडी तेवढी नीट उतरवून दे. पूर्ण घे. अगदी सुरुवातीपासून.

म्हटलं, बाबा, सुरुवातीपासूनच घेतात. शेवटाकडून कोणी घेत नाही.

म्हणाले, बरं.

आईची म्हणजे आईने गायलेली. जाण्याच्या आदल्या वर्षी ताईच्या ओळखीच्या एका रेकॉर्डिस्टकडे तिने सहा गाणी केली. एकच प्रत. मी अजून पूर्ण ऐकलेली नाही. अशा गोष्टी निवांतपणे ऐकायच्या असतात आणि मला निवांतपणा मिळत नाही.

ठरवलं की आईची सगळ्यात शेवटी. तोवर बाकीच्यांवर हात बसेल. सर्जनही पहिलं ऑपरेशन स्वतःच्या आईवर करत नाही.

बायको म्हणाली, आधी ती एक करून मोकळा हो, मग बाकीच्या घेऊन म्हातारा होईपर्यंत बस. पद्धत म्हणून काही असते हे तिला पटत नाही.

४ जानेवारी

सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ओपन सोर्स आहे. म्हणजे फुकट, आणि आतला कोड सगळ्यांना उघडा: कोणीही वाचावा, कोणीही सुधारावा. मी उघडून पाहिला. नीट लिहिलेला वाटला. बायकोने विचारलं, काय कळलं? म्हटलं, माणसं प्रामाणिक आहेत.

सेटिंगची पाच पानं. सामान्य लोक आहे तसं ठेवून पुढे जातात. मी प्रत्येक ओळीवर विचार केला. तिसऱ्या पानावर एका चौकोनात आधीपासूनच बरोबरची खूण होती: ‘पहिल्या गाण्याच्या आधीची जागाही तपासा’. त्यात दर सीडीमागे दोनेक मिनिटं जातात. गाण्याच्या आधी काय असतं? काही नसतं. खूण काढून टाकली.

सगळ्या सीडी मिळून सात तास वाचले. काम सुरू होण्याआधीच सात तास नफ्यात.

९ जानेवारी, शनिवार

पहिली सीडी उतरली. सकाळी लावली, जेवणं झाल्यावर संपली.

प्रोग्रॅम प्रत्येक तुकडा दोनदा वाचतो आणि दोन्ही वेळा तेच आलं तरच पुढे सरकतो. ओरखडा आला की तिथेच अडून बसतो. ड्राइव्ह मिक्सरमध्ये चमचा पडल्यासारखा वाजत होता. बायको म्हणाली, गाणं काढतोय की दात? दुर्लक्ष केलं.

शेवटी अहवाल येतो. ‘चुका: शून्य’. शिवाय जगभर ज्यांनी ज्यांनी हीच सीडी उतरवली त्यांच्याशी आपली फाइल ताडून पाहतो. माझी एकशे बारा जणांशी तंतोतंत जुळली. बरं वाटलं. ऑफिसात माझं एकाशीही जुळत नाही.

ऑफिस म्हणजे लिफ्ट दुरुस्तीची कंपनी. मी फोनवर तक्रारी घेतो. अडकलेल्या माणसाला धीर देणं, आणि मेकॅनिक निघाला आहे असं सांगणं. तो निघालेला असतोच असं नाही.

१३ जानेवारी, दुपारी

घसा धरला म्हणून रजा. त्यामुळे बाबांचं निरीक्षण करता आलं.

जेवण झालं की खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात. ऐकू कमी येतं, म्हणून कानावर मोठे हेडफोन. बाहेर काही ऐकू येत नाही. आईची सीडी लावतात. आणि लावल्या लावल्या मागे जाण्याचं बटण दाबून धरतात. सीडी पहिल्या गाण्यावर उभी आहे, अजून एक सूरही वाजलेला नाही, आणि हे मागे नेतात! पडद्यावरचे आकडे शून्याच्या खाली उणे झालेले मी डोळ्यांनी पाहिले. प्लेअर किती बिघडला आहे याचा हा पुरावा.

मग बटण सोडतात. थोडा वेळ बसतात. हसतात. आणि गाणं सुरू व्हायच्या सुमारास बंद करतात.

पुन्हा तेच. चार वेळा.

दोन शक्यता. एक, बाबांना बटणं कळेनाशी झाली आहेत. दोन, आईचं गाणं त्यांना सोसत नाही. दोन्ही खऱ्या असतील. मन भरून आलं. घसा आणखी धरला.

१७ जानेवारी, रविवार

क्रमांक घातल्याशिवाय कामाला शिस्त येत नाही. स्टेशनरीवाल्याकडून छोटे गोल स्टिकर आणले. तो म्हणाला, साहेब, हा एकदा बसला की निघत नाही हं. म्हटलं, तोच द्या.

दिवसभर चिकटवत होतो. मधल्या भोकाला अगदी लागून, म्हणजे छापलेली नावं झाकली जात नाहीत. आईची सीडी नुसतीच चंदेरी, वर काही लिहिलेलं नाही. उद्या कोणी कोरी समजून टाकून देईल. तिलाही लावला: २१४. अंगठ्याने घट्ट दाबला.

बाबांनी सीडी उजेडात धरून पाहिली. विचारलं, वाजेल ना रे? लावून दाखवली. वाजली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. आभार मानायचे राहिले असतील.

२४ जानेवारी

या सॉफ्टवेअरचा एक फोरम आहे. तिथे अडचणी विचारायच्या आणि सूचना करायच्या. मूळ कर्ता तिथे ‘कासव’ या नावाने वावरतो.

मी सविस्तर सूचना पाठवली: सीडी अर्ध्यावर थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू करता यावी. सोबत तीन आकृत्या.

कासवाचं उत्तर: आधीपासून आहे. पान चार.

मग दुसरी सूचना. अहवालात ‘चुका: शून्य’च्या पुढे ‘शाब्बास’ असा शब्द यावा. माणसाला हुरूप येतो.

कासवाचं उत्तर: कोड उघडा आहे. करून पाठवा.

सध्या माझ्या हातात आधीच एक काम आहे, असं कळवलं.

७ फेब्रुवारी, रविवार

मुखपृष्ठांचे फोटो काढण्यात दोन आठवडे गेले. उजेड चुकीचा पडतो. गाणं काय, कसंही ऐकलं तरी ऐकू येतं. चित्र वाकडं आलं की आलं.

ताईचा फोन. म्हणाली, आईची झाली का? म्हटलं, ताई, अडतीस झाल्या. म्हणाली, मी आईची विचारलं. म्हटलं, तिचा नंबर दोनशे चौदावा आहे. ती म्हणाली, आईला कधी कोणी पुढे बसवलं होतं म्हणून आता बसवाल! फोन ठेवला. ताईचा स्वभाव पहिल्यापासून तापट.

१४ फेब्रुवारी

कॉम्प्युटर संथ झाला होता. साफसफाई केली. एका फोल्डरला नाव होतं ‘नवीन फोल्डर २’. असली नावं देणाऱ्या माणसाला शिस्त नसते. पुसलं.

त्यात गाणी होती.

सगळंच गेलं असं नाही. मुखपृष्ठांचे फोटो सुरक्षित आहेत.

बायकोला सांगितलं नाही. जेवताना तिने विचारलं, चेहरा असा का? ऑफिसचं कारण सांगितलं. म्हणाली, ऑफिसने तुझा चेहरा कधी पडत नाही, तू तिथे काही करत नाहीस.

१५ फेब्रुवारी

एका अर्थी बरंच झालं. पहिल्या अडतीस सीडींच्या वेळी माझा हात बसलेला नव्हता.

२१ फेब्रुवारी, रविवार

प्लेअर आता थापट मारल्याशिवाय फिरत नाही. बाबा आधी हळू मारतात, मग जोरात. मग त्याच्याशी बोलतात. अरे बाबा, एकदा, एवढं एकदा, असं म्हणताना ऐकलं. हेडफोन कानावर असल्याने आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नाही. शेजारच्या काकूंनी जिन्यात विचारलं, तुमचे वडील दुपारी कोणाची समजूत काढत असतात?

बायको म्हणाली, आज लाव ती सीडी. ड्राइव्ह मोकळा आहे, तूही मोकळा आहेस. म्हटलं, दुसऱ्यांदा सुरुवात केल्यावर सतराव्या क्रमांकावर आहे. मधेच दोनशे चौदा घेतली तर क्रमांकांना अर्थ काय राहिला?

ती म्हणाली, नाहीतरी काय आहे?

६ मार्च, शनिवार

प्लेअर गेला.

बाबा हेडफोन घालून खुर्चीत बसले होते. म्हटलं जाऊन पाहावं तर वायर कुठेच लावलेली नव्हती. टोक मांडीवर. सीडी हातात. मला म्हणाले, आता तुझ्यावर आहे.

इतकी वर्षं या वाक्याची वाट पाहिली. मी म्हणालो, तुम्ही निश्चिंत राहा.

क्रमांक मोडायचं ठरवलं. चौदा तारखेला त्यांचा वाढदिवस, पंचाहत्तरावा. तोवर आईची गाणी नव्या फोनमध्ये घालून हातात द्यायची.

७ मार्च, रविवार

आईची सीडी उतरली. दहा मिनिटांत. एकदाही अडली नाही. ड्राइव्हचा आवाजसुद्धा आला नाही.

अहवाल: ‘चुका: शून्य’. खाली मात्र: ‘जुळणी सापडली नाही. ही सीडी इतर कोणाकडेही नाही’.

ही ओळ बराच वेळ पाहत बसलो.

मग वाटलं, गाणी ऐकावीत. पहिल्या गाण्याची पहिली ओळ ऐकली. ती श्वास घेते तो ऐकू येतो. तेवढ्यात बायको भाजी आणायला चल म्हणाली.

९ मार्च

नवा विचार. महत्त्वाची सीडी झाली. बाकीची गाणी आता इंटरनेटवर कुठेही मिळतात. मग आपण दोन महिने काय करत होतो? प्रश्न चुकीचा आहे. आपण हात बसवत होतो.

भंगारवाल्याला बोलावलं. सगळ्या सीडी आणि प्लेअर दिला. त्याने एक सीडी उचलून विचारलं, हे आकडे कसले? मी समजावलं. म्हणाला, छान आहे, पक्षी घाबरवायला लोक शेतात टांगतात, आता मोजूनही टांगता येतील.

बायको म्हणाली, बाबांनी फोनवर ऐकेपर्यंत थांब, प्लेअर दुरुस्त होतो का कोणाला दाखव. म्हटलं, जुनं घरात ठेवलं की माणूस नव्याकडे वळत नाही. हे मानसशास्त्र आहे.

आईची सीडी दिली नाही. एवढा मी कोरडा नाही. छोट्या स्टँडवर बसवून बाहेरच्या खोलीच्या खिडकीत ठेवली. ऊन आलं की भिंतीवर सात रंग पडतात. बाबा येऊन पाहून गेले. भारावले होते.

१४ मार्च, रविवार

वाढदिवस. ताई आली. बाबांच्या हातात फोन दिला, हेडफोन जोडून दिले. आईचा फोटो पडद्यावर लावला होता. सगळे उभे.

बाबांनी बटण दाबलं. गाणं सुरू झालं असणार, कारण त्यांनी डोळे मिटले. लगेच उघडले. मागे जाण्याचं बटण दाबून धरलं. सोडलं. पुन्हा दाबून धरलं.

मग मोठ्या आवाजात विचारलं, सुरुवात कुठाय?

मी म्हटलं, हीच सुरुवात. ते म्हणाले, ही नाही, याच्या आधीची. त्यांच्या कानावरून हेडफोन काढून शांतपणे समजावलं की गाण्याच्या आधी काही नसतं, तुमचा प्लेअर बिघडलेला होता म्हणून उण्यात जायचा. बाबांनी ऐकून घेतलं. फोन मांडीवर पालथा ठेवला. म्हणाले, छान आहे फोन.

ताईने मला स्वयंपाकघरात नेलं. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं. बाबांनी पाचच मिनिटांपूर्वी बायकोला सांगितलं होतं, मला नाही. तिथे बायको सांगत होती. रेकॉर्डिंगच्या दिवशी बाबा आईच्या समोर बसले होते. यंत्र चालू झालं होतं, तिला पत्ता नव्हता. ती बाबांना म्हणाली, अहो, तुम्ही बाहेर थांबा बघू, तुम्ही समोर असलात की मला हसू येतं. बाबा म्हणाले, मी काय केलं? ती म्हणाली, काही केलं नाहीत, तेच तर! आणि हसत सुटली. हसू आवरेना. रेकॉर्डिस्ट म्हणाला, मॅडम, हे सगळं येतंय बरं का. ती म्हणाली, अगं बाई!

रेकॉर्डिस्ट ते पुसणार होता. बाबांनी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, पुसू नका. पण चारचौघांत वाजायलाही नको. तेव्हा त्याने ते पहिल्या गाण्याच्या आधीच्या जागेत ठेवून दिलं. नुसती सीडी लावली की ऐकू येत नाही. पहिल्या गाण्यावरून मागे गेलं की येतं.

ताई म्हणाली, तुला म्हटलं होतं ना त्यांनी, सुरुवातीपासून घे?

केक बरा होता.

१५ मार्च

फोरमवर कडक पत्र लिहिलं. तुमचं सॉफ्टवेअर ‘चुका: शून्य’ असं लिहून देतं आणि माणसाची आई वगळतं. लोक विश्वासाने वापरतात. याला जबाबदार कोण?

कासवाचं उत्तर तासाभरात आलं. नेहमीपेक्षा मोठं होतं. लिहिलं होतं की ती सोय सेटिंगच्या तिसऱ्या पानावर आहे आणि सुरुवातीपासून चालूच असते. अशा गोष्टी लोक त्या जागेत ठेवतात, म्हणूनच ती चालू ठेवली आहे. तुमच्याकडे बंद आहे का? सीडी अजून असेल तर काळजी करू नका, खूण करून पुन्हा उतरवा. आणि शेवटी: आई काय बोलतात ते कधी सांगावंसं वाटलं तर सांगा.

तिसरं पान उघडलं. चौकोन रिकामा.

बहुधा अपडेटमध्ये खूण निघाली असावी.

१६ मार्च, सकाळी

घाबरण्याचं कारण नाही. सीडी घरात आहे. खूण केली. चौकोनाकडे दोनदा पाहिलं, प्रोग्रॅमसारखं.

ऑफिसला जाण्याआधी उरकून टाकतो. बाबांना संध्याकाळी देता येईल.

१६ मार्च, पुन्हा

खिडकीतल्या उन्हाने स्टिकरची कड वर आली होती. सीडी ड्राइव्हमध्ये घातली की कड घासायची आणि ड्राइव्ह ती बाहेर फेकायचा. तीनदा फेकली.

म्हणजे अडचण स्टिकरची होती. स्टिकर काढायला हवा होता. कोणीही हेच केलं असतं.

नखाने हळू काढला. गोल निघाला, अख्खा, कुठेही न फाटता. स्टेशनरीवाला खोटं बोलला असं वाटलं. मग स्टिकर उलटा करून पाहिला. मागे सगळी चांदी चिकटून आली होती.

सीडीला स्टिकरच्या जागी आरपार दिसतं. बोटं दिसतात. सीडी आतून बाहेर वाचली जाते हे मला माहीत आहे; मीच बायकोला एकदा समजावलं होतं. सुरुवात मधे असते.

तरी घालून पाहिली. ‘सीडी घाला’, असं आलं.

स्टिकर परत त्या जागी लावून पाहिला. नीट बसला. आकडाही सरळ आला, २१४.

ऑफिसात एक माणूस तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकला होता. सारखा विचारत होता, कोणी निघालं आहे का? मी रिसीव्हर पुढे केला. शेजारच्याने फोन घेतला.

१८ मार्च

बाबांना सांगितलं. वाक्य ऑफिसात तयार केलं होतं. त्यात तांत्रिक कारणं होती, ऊन होतं, गोंद होता. ते मधेच म्हणाले, असू दे रे. मला पाठ आहे.

ताईने रेकॉर्डिस्टकडे चौकशी केली. त्याने ते काम कधीच सोडलं. त्याच्याकडे काही नाही.

भंगारवाल्याने विचारलं, अजून काही द्यायचंय का?

२० मार्च

कासवाला लिहायला बसलो. सीडी नाही, एवढंच लिहिलं. आई काय बोलते ते लिहायला गेलो तर लक्षात आलं की मला ते बायकोकडून माहीत आहे, तिला बाबांकडून. मी ऐकलेलं नाही.

पाठवलं नाही.

२१ मार्च, रविवार, दुपारी

ठरवलं होतं की आज बाबांच्या शेजारी बसून सहाही गाणी पूर्ण ऐकायची. खुर्ची नेऊन ठेवली. त्यांचं लक्ष नव्हतं. पाठ माझ्याकडे, कानावर हेडफोन.

गाणं लावतात. मागे जाण्याचं बटण दाबून धरतात. शून्य येतं. सोडतात. पुन्हा दाबून धरतात. शून्य. फोन शून्याच्या मागे जात नाही. हा फोन चांगला आहे, बिघडलेला नाही.

मग त्यांनी फोन बाजूला ठेवला. हेडफोन तसेच. खिडकीकडे पाहत, आपला आवाज केवढा मोठा आहे हे न कळता, आईच्या चालीत म्हणाले, अहो, तुम्ही बाहेर थांबा बघू.

आणि थांबले. हसू यायला हवं तिथे.

मी खुर्ची उचलली. आवाज होऊ दिला नाही. बाहेर जाऊन थांबलो.